आकाशात नेमकं काय दिसलं होतं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी व्हिडिओ टाकला. येऊरच्या बाजूला आकाशात हिरवट ठिपका, हलणारा. दहा मिनिटांत दोन तट पडले. एकीकडे ‘सरकार लपवतंय’, दुसरीकडे ‘काकू, चष्मा बदला’. काकूंनी व्हिडिओ काढून टाकला आणि त्यानंतर ग्रुपवर अक्षर लिहिलेलं नाही. मला ते फार लागलं. परग्रहवासी आले असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. हे काय असेल, एवढंच विचारलं होतं.

मी व्हिडिओ उतरवून घेतला होता, तो थांबवत थांबवत पाहिला. खाली उजवीकडे रस्त्यावरचा एलईडी दिवा, वर डावीकडे ठिपका. फोन कसाही हलला तरी दोघं चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर समोरासमोर. दिव्याचा उजेड कॅमेऱ्याच्या भिंगांमध्ये आतल्या आत परावर्तित झाला की असं होतं. काकूंकडे गेलो, त्यांच्याच बाल्कनीत फोन धरला. त्यांनी तळहाताने दिवा झाकला, ठिपका गेला. हात काढला, परत आला. त्यांनी पाच-सहा वेळा करून पाहिलं.

म्हणून हा धागा. तारीख-वेळ, दिशा, क्षितिजापासून किती वर (हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश) आणि किती वेळ दिसलं, हे आठवत असेल तर जरूर लिहा. कोणी कोणाला खोटं पाडायचं नाही.

कोपरखैरणे
आमची खिडकी पूर्वेला. पारसिकच्या डोंगरावर एक झगझगीत दिवा दोन-तीन मिनिटं जागचा हलत नाही, मग दुसरा, त्यामागे तिसरा. लग्न होऊन आले तेव्हा मी खरंच घाबरले होते. मुंबईला उतरणारी विमानं आहेत, थेट आपल्याच दिशेने येतात म्हणून थांबल्यासारखी वाटतात. जवळ आली की लाल-हिरवे दिवे वेगळे दिसतात.

वाशी
मिनी सीशोरला फिरताना एक तेजस्वी ठिपका शांतपणे चढत गेला आणि निरभ्र आकाशात एकदम विझला. ते ‘विझणं’ मला पटेना. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक होतं. ४०० किलोमीटर वर त्याच्यावर ऊन असतं म्हणून दिसतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलं की संपलं. आता वेळापत्रक बघून जातो.

खारघर (मूळ गाव सिंदेवाही तालुक्यात)
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, मी गावी होतो. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते तुकडे रांगेने गेले. अंगणात सगळे स्तब्ध. आजी हात जोडून उभी. फोनवर उल्का, क्षेपणास्त्र, उडती तबकडी, काय वाटेल ते फिरत होतं. मग बातमी आली की जवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलंय. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. कडा जळून काळवंडलेल्या. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा परत वातावरणात शिरला होता, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितलं.
तेव्हापासून परग्रहाच्या यानाचा दावा ऐकला की मला ते कडं आठवतं. आभाळातून खरोखर काही आलं, तर ते कुणाच्या तरी शेतात पडतं, त्याला वजन असतं, ते गावभर बघतं.

ठाणे पूर्व, कोपरी
माझा अनुभव वेगळा आहे, चूक माझी आहे. वीस वर्षं दुर्बीण घेऊन हिंडतोय. नोव्हेंबर २०२३, दिवाळीच्या आधी आमच्या इमारतीच्या वॉचमननी सांगितलं, रोज आठच्या सुमारास पूर्वेला मोठा दिवा येतो, तारा वाटत नाही. मी चालता चालता म्हणालो, शुक्र आहे. ते म्हणाले, “साहेब, शुक्र तर पहाटे असतो सध्या. माझी ड्युटी संपताना बघतो की मी.”
मी थांबलो. शुक्र संध्याकाळी पूर्वेला असूच शकत नाही, तो सूर्यापासून तेवढा लांब जातच नाही. हे मी शाळांमधून मुलांना शिकवतो. आणि वर न बघता उत्तर दिलं होतं. तो गुरू होता, ३ नोव्हेंबरला त्याची प्रतियुती (आपल्याकडून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं) झाली होती. दुर्बीण खाली आणली. त्यांनी गेटपाशी उभं राहून गुरूचे चारही चंद्र पाहिले, मग कागदावर त्यांच्या जागा काढल्या. दुसऱ्या दिवशी जागा बदललेल्या त्यांनीच मला दाखवल्या.
‘शुक्र आहे’ हे न तपासता म्हणणं आणि ‘यान आहे’ हे न तपासता म्हणणं, यात त्या संध्याकाळी काय फरक होता?

ऐरोली
मी दुसऱ्या बाजूचा. कोणीतरी येऊन गेलंय असं मला वाटतं. २६ जुलै २०२३ ला डेव्हिड ग्रश हा माजी गुप्तचर अधिकारी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे शपथेवर बोलला की सरकारकडे परग्रहाची यानं आहेत. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या उडत्या तबकड्यांच्या तपासात १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. आणि अमेरिकेतल्या रॉझवेलजवळ १९४७ मध्ये सापडलेल्या अवशेषांबद्दल सरकारने लपवलं होतंच ना?

↳ घोडबंदर रोड
दादा, लपवलं होतं, शंभर टक्के. हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं की १९४७ चे ते अवशेष ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे होते, सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल घेण्यासाठी सोडलेले. गुपित खरं होतं, पण ते यानाचं नव्हतं. ग्रश यांनी यानं स्वतः पाहिल्याचं सांगितलं नाही, इतरांकडून कळलं म्हणाले. मार्च २०२४ च्या पेंटागॉनच्या अहवालात परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नाही असं आहे. ७०१ चा अर्थ मी ‘माहिती अपुरी’ असा घेतो.

↳ ऐरोली
ज्यांच्यावर लपवल्याचा आरोप आहे त्यांचाच अहवाल पुरावा कसा मानू? पण ग्रशचं ऐकीव आहे, हे मान्य. एक तुकडा स्वतंत्र प्रयोगशाळांना मिळू दे, त्यातल्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण तपासू दे. पृथ्वीवरचंच निघालं तर मी गप्प बसेन.

↳ घोडबंदर रोड
आणि नाही निघालं तर मी. हे लिहून ठेवा.

वर्तकनगर
माझं उत्तर सापडलेलं नाही. १९९० नंतरची कधीतरीची गोष्ट, मे महिना, उपवन तलावाच्या काठावर मी आणि माझा मित्र. येऊरच्या डोंगरावरून दोन नारंगी गोळे सरकत गेले, आवाज नाही. तारीख लिहिली नाही, फोटो नाही. वणवा, हवेत सोडलेले आकाशकंदील, सगळं मनात घोळवून झालं. मागे एका लग्नात मित्राजवळ विषय काढला तर तो म्हणाला, “दोन कुठले? एकच होता.” आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो.
तो आता कळव्याला असतो. त्यालाही इथे लिहायला सांगितलंय, माझं न वाचता.