मदत हवी आहे: बाबांचं गाणं आणि पेटी घरीच रेकॉर्ड करायची आहे

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. गावच्या भजनी मंडळात ते चाळीस वर्षं पेटी वाजवत गायले. त्या काळची एकच कॅसेट घरात होती, तिच्या टेपला बुरशी लागली. आता ते डोंबिवलीला माझ्याकडे असतात. आवाज अजून खणखणीत आहे, तोवर त्यांचे अभंग आणि गौळणी नीट जपून ठेवायच्या आहेत. मोबाइलवर करून पाहिलं, पण पेटी सगळं गिळून टाकते.

म्हणून दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटीवजा डबी) घेतला. एक कंडेन्सर माइक आहे (बारीक आवाजही टिपणारा, त्याच्यासाठी इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करावं लागतं), दुसरा डायनॅमिक, श्युअर एसएम५८. लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. खोली दहा बाय बारा. भिंतींना गाद्या उभ्या केल्यावर घुमणं बरंच कमी झालं.

पण कंडेन्सर बाबांच्या समोर, थोडा वर ठेवला तर त्यात पेटीच जास्त येते आणि भात्याची फसफस वेगळी. बाबा तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) गेले की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतो.

आधी पेटी आणि मग गाणं असंही करून पाहिलं. हेडफोन लावून बाबा दोन ओळी गायले आणि थांबले. त्यांचा डावा हात भात्यावर चालतो त्याच लयीत त्यांचा श्वास चालतो. तो हात मांडीवर आला की सूर डळमळतो. त्यामुळे दोन्ही एकत्रच घ्यायचं आहे.

शिवाय मागे सतत एक घरघर येते. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद होते.

कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद:
ताई, माइकची अदलाबदल करा. एसएम५८ गाण्याला, कंडेन्सर पेटीला. एसएम५८ समोरचं जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी घेतो, म्हणून तो बाबांच्या हनुवटीखालून वर तोंडाकडे वळवा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होईल. अंतर चार बोटं, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘भ’ला फटका बसणार नाही. कंडेन्सर पट्ट्यांच्या वर फूट-दीड फूट, भात्याकडे पाठ करून. बाबांना सगळ्यात चढा सूर लावायला सांगा आणि तेव्हा मीटर वजा १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. घरघर अर्थिंगची असावी. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंखाही बंद.

धागाकर्ती:
मनापासून आभार! काल रात्री अकरानंतर, गाड्यांची वर्दळ कमी झाल्यावर, सांगितलंत तसं केलं. घरघर पूर्ण गेली. पेटी गाण्याच्या माइकमध्ये अजून येते, पण आता मागे राहते. बाबांनी डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकला आणि म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात मी घाई केली, परत घेऊ.”

आता एकादशीला त्यांचे दोन जुने टाळकरी येणार आहेत. इनपुट दोनच आहेत आणि टाळ फार तीक्ष्ण वाजतात. त्यांना खोलीत कुठे बसवू?