दृढीकरणानंतर तरुणांचा शिष्यत्व गट: किती जण, काय वाचायचं, मोडतो कशाने?

तरुणसंघ_सचिव
सलाम. आमच्याकडे दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास मोठेपणी मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं की मुलं मागच्या बाकावर सरकतात आणि वर्षभरात तिथूनही उठतात. आता आठ जण (वय १९ ते २६) म्हणताहेत, शास्त्रपाठ पुष्कळ झाले, ख्रिस्ताच्या मागे मनापासून चालायचं तर आठवडाभर करायचं काय ते सांगा. पाळकसाहेबांची हरकत नाही. गट कसा बांधावा?

वचन_वही
आठांचा एक गट नको. चार-चारांचे दोन करा, मुलींचा वेगळा. पाचाच्या वर गेलं की दोघं बोलतात नि बाकीचे माना डोलावतात.

बैठक दीड तासाची. पहिली २० मिनिटं मागच्या आठवड्याचा हिशेब (ठरवलेलं केलं की नाही ते सांगणं), ३० मिनिटं वाचन, २० मिनिटं ‘या आठवड्यात मी नेमकं काय करणार’ हे वहीत लिहिणं, उरलेल्या वेळात एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना. हिशेब शेवटी ठेवलात तर तो हमखास राहून जातो.

वाचायला डोंगरावरचं प्रवचन, मत्तय ५ ते ७. एकूण १११ वचनं, आठवड्याला नऊ-दहा घेतली की तीन महिने जातात. ५:२३-२४ आलं तर क्षमेवर चर्चा झोडत बसू नका. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव वहीत लिहायचं, फोन कोणत्या वारी करणार ते पुढे. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न: केलास का?

घरी नवा करार: २६० अध्याय, आठवड्यातले पाच दिवस रोज एक, वर्षात पुरा. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला.

जुना_मेथडिस्ट
याला जुना आधार आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे वर्ग, म्हणजे असेच छोटे गट, १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला सुरू झाले ते खरं तर प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला. साधारण बारा जणांमागे एक पुढारी, त्यानं दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. दारात गेल्यावर कळायला लागलं, कोण पिऊन पडलाय, कोण बायकोशी भांडतोय. वसुलीची फेरी विचारपुशीची झाली!

माझ्या मते लूक १४ पहिल्याच दिवशी वाचावं. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च काढतो. तसंच प्रत्येकानं लिहून द्यावं: कोणता वार, किती आठवडे, त्यासाठी काय सुटणार (रविवारची क्रिकेट मॅच, रात्रीचा मोबाइल). बारा आठवड्यांची मुदत घाला, संपल्यावर पुन्हा विचारा. बेमुदत गट परीक्षेच्या दिवसांत न सांगता विरतात.

साधा_विश्वासी
हिशेब ठीक, पण द्यायचा कुणाला? सगळे एकाच पुढाऱ्याला देऊ लागले की लवकरच लग्न, नोकरी, घर यांचीही परवानगी त्याच्याकडे मागतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शेफर्डिंग चळवळीत हेच झालं. म्हणून हिशेब एकमेकांना, आणि पुढाऱ्यानंही द्यायचा.

कबुली फक्त स्वतःच्या पापाची. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून दुसऱ्याची भानगड सांगणं हा आपल्या मंडळ्यांचा जुना रोग. व्हॉट्सअॅपवर वेळ आणि जागा, बाकी काही नाही. मात्र कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं किंवा कुणावर अत्याचार होत असेल, तर ते गुपित राहणार नाही, हे आधीच सांगा. उपास ठरवताना कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या गोळ्या चालू आहेत, तेही विचारा.

तरुणसंघ_सचिव
आभारी आहे. एक राहिलं. आठांतल्या दोघांचा बाप्तिस्मा झालेला नाही, घरचे हिंदू आहेत. घ्यावं का?

वचन_वही
अवश्य घ्या. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा संघ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या नि न घेतलेल्या, दोन्ही शिष्यांसाठी. बाप्तिस्म्याचा विषय गटात रेटू नका, तो त्यांचा आणि पाळकसाहेबांचा. चोरून येणं नको, घरी माहीत असू द्या. घरच्या आरतीला उभं राहावं का, प्रसाद घ्यावा का, हे प्रश्न गणपतीपर्यंत येणारच. १ करिंथ ८ व १० (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल) आणि रोम १४ (खाण्यापिण्यावरून एकमेकांना दोष न देण्याबद्दल) तुम्ही स्वतः आधी नीट वाचून ठेवा.