बीपीची गोळी चालू असताना १५० ग्रॅम प्रोटीन आणि वेट्स: काय बदलावं?

प्रश्न (समीर_ठाणे): वय ४६, वजन ७४. टेल्मिसार्टन ४० (बीपीची गोळी) आणि रोसुव्हास्टॅटिन १० (कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन गटातली) चालू, घरचं बीपी १३४/८४ च्या आसपास. ट्रेनरने रोज १५० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय: २०० ग्रॅम पनीर, ६ अख्खी अंडी, २ स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर), शिवाय घरचं जेवण. हृदयाला हे झेपेल का?

आहारवाली: प्रोटीनपेक्षा त्याच्यासोबत पोटात काय जातंय ते बघा. २०० ग्रॅम पनीरमध्ये प्रोटीन ३६ ग्रॅम, पण फॅट ४० च्या घरात, त्यातलं निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड. एलडीएलसाठी (वाईट कोलेस्टेरॉल) गोळी घ्यायची आणि ताटात हे, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेणं.
७४ किलोला ९० ते १०० ग्रॅम पुरे. पोळी-भात-आमटीतून ३० येतातच. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (२६), २ अख्खी अंडी आणि ३ पांढरे (२२), एक स्कूप व्हे (२४). झालं. मासे खात असाल तर सोयाऐवजी बांगडा, पण तळलेला नको.
२०२४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की २२ टक्क्यांहून जास्त कॅलरी प्रोटीनमधून आल्या की ल्युसीन या प्रोटीनमधल्या घटकामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींत रक्तवाहिन्यांना मारक बदल होतात. धमनीतला चरबीचा थर वाढलेला दिसला तो मात्र उंदरांत, म्हणून घाबरू नका. पण २००० कॅलरीत १५० ग्रॅम म्हणजे ३० टक्के. एवढं कशाला?

लोखंडवाला: वेट्स सोडू नका, नियमित केल्याने बीपी थोडं उतरतंच. घोळ होतो तो श्वास कोंडण्यात. १९८५ मध्ये धमनीत नळी घालून बॉडीबिल्डरांचं बीपी मोजलं होतं. लेग प्रेसला सरासरी ३२०/२५०! ताणलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, त्यात कोंडलेल्या श्वासाने छातीतला दाब वाढतो.
म्हणून उचलताना तोंडाने श्वास सोडा, खाली आणताना घ्या. आठवड्यात २ दिवस, ८-१० व्यायाम, प्रत्येकाचे १२-१५ रेप्स (सलग वेळा उचलणं). शेवटच्या रेपनंतर अजून दोन-तीन निघतील एवढंच वजन. ‘एकच रेप, जास्तीत जास्त’ हा प्रकार तुमच्यासाठी नाही. बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी जिम बंद. आणि ट्रेनरने प्री-वर्कआउटचा (व्यायामाआधी घ्यायची पावडर) डबा दिला असेल तर परत द्या, त्यात कॅफिन ठासून असतं.

समीर_ठाणे: आणि रक्ततपासणी?

आहारवाली: आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, तीन महिन्यांनी पुन्हा. तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस जड व्यायाम नको, नाहीतर एसजीओटी आणि सीपीके (यकृत आणि स्नायूंच्या तपासणीतले आकडे) वाढलेले येतात आणि बोल स्टॅटिनला बसतो. ‘लो सोडियम’ मीठ वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही ते वाढवतं.

लोखंडवाला: व्यायामानंतरचं साधं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. दोन्ही मांड्या सतत दुखत राहिल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.