मदत हवी आहे – बायरचं लोन अडकलंय, बँक म्हणते चेन क्लिअर नाही, दिवस संपत आलेत

वैतागलेला
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो कारण डोकं फिरलंय. वन बीएचके विकायला काढलाय, चोवीस लाखाला ठरला, पार्टी चांगली आहे, नवरा-बायको दोघं नोकरीला. टोकन १ लाख घेतलं, नोटरी करून कागद केला, त्यात ६० दिवसात व्यवहार पूर्ण करायचा असं लिहिलंय. आज ४८ वा दिवस. आता त्यांची बँक म्हणते लीगलमध्ये चेन (मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली त्या कागदांची साखळी) क्लिअर नाही. माझ्याकडे सगळे कागद आहेत!! इकडे मी नेरळला टू बीएचके बुक केलाय आणि बिल्डरची पुढच्या स्लॅबच्या हप्त्याची डिमांड आलीये. कोणती बँक जास्त प्रश्न न विचारता लोन देते? किंवा टोकन परत न करता दुसरा बायर बघता येतो का? लवकर सांगा प्लीज.

मोकाशी_ठाकुर्ली
फ्लॅट कुठे? बिल्डिंग किती साली झाली? ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का? तुम्ही पहिले मालक की रिसेल? एवढं तरी लिहा हो, आम्ही काय पोपट घेऊन बसलोय का चिठ्ठी काढायला.

कात्रपकर
चेन क्लिअर नाही म्हणजे १०० टक्के ओसीचा घोळ. आमच्या बदलापुरात निम्म्या जुन्या बिल्डिंगींचा हाच प्रॉब्लेम आहे. सरकारी बँका हात लावत नाहीत, हाउसिंग फायनान्सवाले देतात पण व्याज जास्त. माझ्या मेहुण्याने तेच केलं.

वैतागलेला
बदलापूर पूर्वेलाच आहे. ओसी आहे, सोसायटी रजिस्टर आहे, दुसरा मजला. बिल्डरने १९९८ ला एकाला विकला, त्याच्याकडून आम्ही २००६ ला घेतला. दोन्ही अॅग्रीमेंट ओरिजिनल, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), रजिस्ट्रेशनच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची एनओसी सगळं आहे. म्हणून तर कळत नाही चेन कुठे तुटली.

सुलभा गो.
बायरना म्हणावं पंतप्रधान आवास दोनचा फॉर्म भरा. ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंत लोन असेल, आधीचं पक्कं घर नसेल तर व्याजावर १ लाख ८० हजारापर्यंत अनुदान मिळतं, हप्त्याहप्त्याने. आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट, ते पण विसरू नका.

वैतागलेला
ताई धन्यवाद पण लोनच होत नाहीये तर अनुदान कसलं.

मोकाशी_ठाकुर्ली
"आम्ही घेतला" म्हणजे कोणी? २००६ च्या अॅग्रीमेंटवर नाव कोणाचं आहे?

बाजीरावांचा_घोडा
माझं ऐका, विकूच नका. बदलापूरचा वन बीएचके भाड्याने द्या, भाडेकरू रांगेत उभे असतात. नेरळला आत्ता जाऊन काय करणार, रात्री उशिरा परत येताना कर्जत लोकल चुकली की बदलापूरलाच उतरून रिक्षावाल्याच्या पाया पडायचं.

कात्रपकर
त्यापेक्षा पाण्याचं बघा. नेरळला टँकर. आमच्याकडे जीवन प्राधिकरणाचं पाणी तरी येतं.

मांजर्लीची_मनी
येतं म्हणजे कधी येतं ते पण लिहा की कात्रपकर 😄 पूर्वेला मोटर लावून खेचता तुम्ही सगळे.

कात्रपकर
मनीताई तुमच्याकडे पाणी न बोलावता घरात येतं. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. बेलवली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी सगळीकडे तळमजले गेले, २०१९ ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीच्या अलीकडे पाण्यात उभी होती. पूर्वेला फ्लॅट विकायला काढलाय हीच त्या माणसाची जमेची बाजू आहे.

मांजर्लीची_मनी
सगळा पश्चिम भाग बुडत नाही. उगाच भाव पाडू नका. मी २०११ पासून राहते, एकदाही घरात पाणी नाही.

वैतागलेला
अहो धागा माझ्या फ्लॅटचा आहे. मोकाशी साहेब, अॅग्रीमेंट आई-बाबांच्या दोघांच्या नावावर आहे. बाबा २०२१ ला गेले. पण नॉमिनी मीच होतो, सोसायटीने रीतसर माझं नाव चढवलंय, शेअर सर्टिफिकेटच्या मागे आईचं आणि माझं नाव आहे. म्हणजे मालक आम्हीच ना. हे बँकेला सांगितलं तरी तेच.

मोकाशी_ठाकुर्ली
आत्ता बोललात. इथेच तुटली तुमची चेन. पहिल्या पोस्टमध्ये हे एक वाक्य टाकलं असतंत तर एवढ्यात जेवण करून झोपलो असतो.

वकील_नाही_पण
नॉमिनी मालक नसतो. लोकांच्या डोक्यात हे कधी घुसणार देव जाणे. नॉमिनी म्हणजे सोसायटीने पत्र कोणाला पाठवायचं एवढाच माणूस. मालकी वारसांची.

रा_रा_पंत
चूक. सुप्रीम कोर्टाने २०१६ ला स्पष्ट सांगितलंय की सोसायटीला नॉमिनीच्याच नावावर शेअर करावे लागतात. माझ्या स्वतःच्या केसमध्ये मी हे दाखवलं आणि सेक्रेटरी गप्प बसला.

वकील_नाही_पण
पंत, सेक्रेटरी गप्प बसला म्हणून तुम्ही मालक झालात का? त्याच निकालात म्हटलंय की बाकीच्या वारसांनी आपला हक्क वेगळा मागावा, तो रस्ता बंद केलेला नाही. शिवाय तो खटला पश्चिम बंगालच्या कायद्याखालचा. आपल्याकडे २०१९ ला सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलंय, खरे वारस येईपर्यंत. तात्पुरता माणूस फ्लॅट कसा विकणार?

रा_रा_पंत
पुस्तकी ज्ञान. व्यवहारात चालतं. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅट असेच विकले गेले.

वकील_नाही_पण
रोखीत घेणाऱ्याला चालतं. लोन देणाऱ्या बँकेचा वकील वीस वर्षांचा विचार करतो.

मोकाशी_ठाकुर्ली
वैतागलेले साहेब, भावंडं किती?

वैतागलेला
एक ताई, सातारला असते. तिला काही नकोय, बाबा गेले तेव्हाच म्हणाली होती की तुम्हीच बघा. तिचा प्रश्न नाही. आणि आई घरीच आहे, ती कधीही सही करेल.

मोकाशी_ठाकुर्ली
कधीही करेल म्हणजे नोटरीच्या कागदावर आईची सही नाही?

वैतागलेला
नाही, मीच केली. नॉमिनी मी ना. शिवाय ती त्या दिवशी हळदीकुंकवाला गेली होती.

वकील_नाही_पण
धन्य आहे. हिशोब करा. निम्मा फ्लॅट आईचा स्वतःचा. बाबांचा निम्मा तुम्हा तिघांत सारखा वाटला तर तुमच्या वाट्याला एक षष्ठांश. चोवीस लाखातले चार लाख तुमचे, आणि सही मारलीत पूर्ण चोवीस लाखाची.

एक_तुकाराम
मध्ये बोलतो माफ करा, मी निवृत्त आहे, आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी असंच झालं होतं म्हणून विचारतो. तुमच्या वडिलांची आई हयात आहे का?

वैतागलेला
आजी? हो आहे, माणगावला काकांकडे. ८४ वर्षांची. तिचा काय संबंध, ती बदलापूरला दोन वेळा आली असेल.

एक_तुकाराम
तीच तर गंमत आहे. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला की पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलं, मुली आणि त्याची आई. वडील नाही, पण आई आहे. आमच्या थोरल्या भावाच्या वेळी सगळ्यांच्या सह्या झाल्या, बँकेच्या वकिलाने विचारलं मयताची आई कुठे आहेत आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई आतल्या खोलीत लसूण सोलत बसली होती. तुमच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? नसेल तर वाटे चार.

वकील_नाही_पण
मी आजी विसरलो. तुकाराम काका बरोबर. मग तुमचा एक अष्टमांश. तीन लाख.

वैतागलेला
मृत्युपत्र नाही. काल चार लाखाचा मालक होतो आज तीन. उद्या काय, शेजारी पण वारस निघतील का?

जोशीकाका_सीए
टॅक्सचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. वारसाने आलेल्या जागेला वडिलांनी घेतल्याची किंमत धरतात, कालावधीही तिथपासून मोजतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असल्याने १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून न धरता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यातला जो कर कमी तो. प्रत्येक वारसाचा आपापल्या वाट्यावर. एक विचारायचं राहिलं, टोकनचा एक लाख कसा घेतलात?

वैतागलेला
५१ हजार चेक आणि ४९ रोख. त्यांनीच दिले रोख, मी मागितले नव्हते.

जोशीकाका_सीए
जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली की दंड घेणाऱ्याला, आणि तो जेवढी रोख घेतली तेवढाच. तुमच्या कागदावर रोख ४९ हजार असं लिहिलं असेल तर तुम्ही स्वतःच पुरावा करून ठेवलाय. आपल्या सीएला तो कागद दाखवा, आणि यापुढे एक रुपया रोखीत नको.

वास्तुप्रेमी
४९ आकडा पण शुभ नाही. दरवाजा कुठल्या दिशेला आहे?

वैतागलेला
🙏 दरवाजा राहू दे. आता करू काय ते सांगा. सगळ्यात फास्ट काय? आणि ताईला पण आणावं लागेल का सातारहून?

वकील_नाही_पण
हक्कसोडपत्र. ताई आणि आजी दोघींनी आईच्या नावे हक्क सोडायचा, मोबदला न घेता. रक्ताच्या नात्यात स्टॅम्प किरकोळ, दोनशेचा होता तो ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. पण रजिस्टर करावंच लागतं, नोटरी केलेलं हक्कसोडपत्र म्हणजे रद्दी. मग तुम्ही आणि आई विका.

एक_तुकाराम
मला विचाराल तर हक्कसोडपत्राची गरज नाही. चौघांनी विकणारे म्हणून अॅग्रीमेंटवर सह्या केल्या की झालं. एकदाच ऑफिस, एकदाच खर्च. हक्क सोडा म्हटलं की माणसाच्या मनात काहीतरी हलतं, विकायला सही कर म्हटलं की हलत नाही.

वकील_नाही_पण
काका, आणि आजीला बदलापूरला आणणार कोण? आणि पैसे चौघांच्या खात्यात जाणार ते?

एक_तुकाराम
जाऊ देत की. ज्याचे आहेत त्याच्या खात्यात जातील.

रा_रा_पंत
दोन्ही नको. कोर्टातून वारस दाखला घ्या, १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळतो. एकदम पक्कं काम.

मोकाशी_ठाकुर्ली
पंत त्याच्याकडे १२ दिवस आहेत, तुम्ही त्याला कोर्टात पाठवताय. नोटीस निघून पेपरात जाहिरात येईपर्यंत बायरची पोरं शाळेत जातील.
वैतागलेले, क्रम असा लावा. आधी बायरच्या बँकेकडून लिहून घ्या की त्यांच्या वकिलाला नेमकं काय हवंय, कारण कोणी वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांच्या सह्यांवर मानतं, कोणी हक्कसोडपत्रच मागतं. ते कळल्याशिवाय एक पैसा स्टॅम्पवर घालू नका. दुसरं, बायरना खरं सांगा आणि मुदत वाढवून घ्या, या वेळी आईची सही घेऊन. दुसरा बायर शोधायचं तर मनातही आणू नका, त्यालाही हीच बँक भेटणार. आजी आजारी असेल तर माणगावच्या दुय्यम निबंधकांकडे अर्ज आणि फी भरून ते घरी येतात, तिथे तुमच्या आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र (आजीच्या वतीने सही करायचा अधिकार) करता येईल. आणि हे आजी आहे तोवर करा, वाईट वाटून घेऊ नका पण तिच्यामागे तिचा वाटा काका, आत्या, आणि कोणी गेलं असेल तर त्यांची मुलं अशा सगळ्यांत जातो.

वैतागलेला
हे पटतंय. अजून एक, सोसायटी ट्रान्सफरचे ५० हजार मागतेय, बिल्डिंग फंड म्हणून. आणि म्हणाले नाहीतर एनओसी नाही.

कात्रपकर
देऊन टाका, वाद नको. आमच्याकडे पण घेतात.

मांजर्लीची_मनी
का देऊन टाका? तुमच्यासारख्यांमुळेच घेतात. सरकारच्या २००१ च्या परिपत्रकात ट्रान्सफर प्रीमियमची (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) मर्यादा आहे, महापालिकेत २५ हजार, अ वर्ग नगरपालिकेत २० हजार, ब मध्ये १५, क मध्ये १०, ग्रामपंचायतीत ५. त्याच्या वर कुठल्याही नावाने घेता येत नाही. आणि आदर्श उपविधीप्रमाणे ट्रान्सफरला एनओसी लागतच नाही, बँक मागते म्हणून आपण मागतो. वैतागलेले, तुम्ही नॉमिनी म्हणून नाव चढवलंत तेव्हा पण पैसे घेतले होते का?

वैतागलेला
हो, १० हजार. पावती नाही.

मांजर्लीची_मनी
वारसाच्या नावावर करताना प्रीमियम नसतोच. झालं ते झालं, आता ५० हजाराची मागणी लेखी द्या म्हणा, बहुतेक वेळा लेखी म्हटलं की आकडा आपोआप खाली येतो.

वैतागलेला (चार दिवसांनी)
अपडेट देतो. बायर समजूतदार निघाले, ४५ दिवस वाढवून दिले, आईची सही घेतली. बँकेने लेखी दिलंय, चौघांच्या सह्या चालतील, आजीची कुलमुखत्यारपत्रावर. नेरळच्या बिल्डरला फोन केला, व्याज लावणार म्हणतो, लावू दे. ताईला सांगितलं तर म्हणाली सही करते पण किती ला विकला ते मला आधी का नाही सांगितलंस. यावर मला उत्तर सुचलं नाही. शनिवारी सातारला जातो तिच्याकडे, फोनवर नको. मग तिथून माणगाव. काका म्हणतात आजीचे ठसे आधारला लागत नाहीत, रेशनच्या मशीनला पण नाही लागत. मग रजिस्टरला कसं होणार?

एक_तुकाराम
ठसे नाही लागले तर ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतात, गावातलेच घ्या, त्यांची आधार-पॅन बरोबर ठेवा. डॉक्टरचा दाखला पण घ्या की आजी शुद्धीत आहे आणि समजून करतेय. आणि जाताना तिला सगळं नीट समजावून सांगा, कागद पुढे करून अंगठा दे असं नको. साहेब घरी आले की पहिलं तेच विचारतात, आजी हे कशाचं आहे माहितेय का.