काटा रोज, हिशेब आठवड्याचा

वजन कमी करताना हमखास पडणारा प्रश्न: रात्री लग्नाचं जेवण झालं आणि सकाळी काटा दीड किलो वर, म्हणजे मेहनत वाया गेली का? नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी; दीड किलोला साडेअकरा हजार, तेही रोजच्या गरजेच्या वर. एका पंगतीत ते जमत नाही, जिलेब्यांची पैज लावली तरी. वाढलं ते पाणी आणि पोटातलं अन्न. पापड-लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे जेवणातल्या साखर-स्टार्चचा शरीरातला साठा, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं. दोन-तीन दिवसांत उतरतं.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा. काटा सपाट फरशीवर, रोज त्याच जागी. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. रोज लिहा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीचीच करा: मागचा आठवडा ७८.९, हा ७८.४, तर अर्धा किलो उतरलं. पाळीच्या आधी बऱ्याच जणींना पाणी साठतं, त्यांनी मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावं. सरासरी सलग तीन आठवडे चढली तर मात्र फोडणीचं तेल चमच्याने मोजायला लागा. आकडा बघून जेवण टाळावंसं वाटत असेल, तर रोजचं वजन बंद करा.