वॉटर पंपासोबत टायमिंग बेल्टही बघा

गाडीचा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप) बदलला की बरेच जण विचारतात, ‘पंप अडीच हजारांचा, मग बिल आठ हजार कसं?’ प्रश्न रास्त आहे, पण दर वेळी ती गॅरेजवाल्याची लबाडी नसते. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्यावर) चालतो. तिथवर पोचायलाच इतकी खोलाखोल करावी लागते की मजुरी पंपाच्या वर जाते. माझ्या डिझेल गाडीचं तेच झालं. ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये, तापमानाचा काटा लालमध्ये गेला. वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने पंप, बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) एकदमच बदलले. मजुरी एकदाच लागली.

त्याआधी महिनाभर पार्किंगमध्ये थेंब दिसत होते, मला वाटलं एसीचं पाणी. थेंब रंगीत, चिकट असेल तर ते कूलंट, आणि पंपाच्या छोट्या भोकातून गळत असेल तर सील गेलंय. तेव्हाच दाखवा. आणि कूलंटमध्ये बोअरचं पाणी टाकू नका, आत क्षार धरतात.