चुन्याच्या स्लरी पंपाला कुठलं सील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत मेंटेनन्स बघतो. आमचा चुन्याच्या स्लरीचा (पाण्यात कालवलेल्या चुन्याचा) पंप ग्लँड पॅकिंगवर आहे, म्हणजे शाफ्टभोवती दोरी दाबून बसवून गळती अडवतो. दोरी बदलून महिना होत नाही तोच गळती सुरू. काल स्लीव्ह (शाफ्टवरची संरक्षक नळी) काढली, तर बोटाचं पेर बसेल एवढी खाच पडलेली!

चुना दोरीपासून दूर ठेवणारं फ्लशिंगचं पाणी स्टफिंग बॉक्समधल्या (दोरी बसते त्या पोकळीतल्या) दाबापेक्षा जास्त दाबाने लागतं, पण आमची लाइन सगळ्या प्लांटला एकच. दुपारी दाब पडला की चुना आत शिरतो. दुसरा पर्याय एक्स्पेलरचा (शाफ्टवरचा जादा पंखा, जो स्लरी मागे ढकलतो), पण पंप फिरतोय तोवरच तो गळती अडवतो, शिवाय सक्शनला उंच टाकीचा दाब आहे, म्हणून तो नको वाटतो.

दोरीऐवजी सिलिकॉन कार्बाइड फेसचं (एक स्थिर, एक फिरती अशा एकमेकींवर टेकणाऱ्या दोन कडक चकत्यांचं) मेकॅनिकल सील घ्यावं का? पंप कोरडा चालला तर फेस तडकतील, हीच धास्ती. चुन्यावर कुणी वापरलंय? किती टिकलं? सोमवारी साहेबांना सांगायचंय, कृपया लवकर कळवा.